गर्भस्थ बालकाच्या मेंदूतील पोकळ्या किंचित रुंद असतील तर…

गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात होणाऱ्या सोनोग्राफीच्या अहवालात कधीकधी एक ओळ आढळते : बाळाच्या मेंदूतील पोकळीची रुंदी १०.८ मिलिमीटर, सौम्य ‘व्हेंट्रिक्युलोमेगॅली’. अहवाल इंग्रजीत असतो. दवाखान्यातून घरी पोहोचेपर्यंत त्याचे भाषांतर ‘बाळाच्या डोक्यात पाणी झाले आहे’ असे होते आणि शेजारीपाजारी कळेपर्यंत ‘मूल मतिमंद निघणार’ असा निकालही लागून जातो. या तीन विधानांत फार मोठे अंतर आहे. ते अंतर ओळखता न आल्यामुळे अनेक मातापिता ऐन आनंदाच्या काळात भयभीत होतात आणि काही वेळा घाईने असा निर्णय घेतात, जो पुन्हा फिरवता येत नाही. म्हणून या विषयाची शास्त्रीय माहिती आपल्या वाचकांसमोर, विशेषतः सोयगावसारख्या तालुक्यातील कुटुंबांसमोर, ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

सोयगाव हा छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा तालुका. अजिंठ्याची जगप्रसिद्ध लेणी याच तालुक्यात आहेत. परंतु गर्भवैद्यकातील तज्ज्ञ, एमआरआय यंत्र किंवा जनुकीय तपासणीची प्रयोगशाळा यांसाठी येथील मातेला अजिंठ्याचा घाट चढून सिल्लोड-फुलंब्रीमार्गे जिल्ह्याच्या ठिकाणी, नाहीतर खाली जळगावकडे जावे लागते. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत असा एक दिवस काढणेही मजूर कुटुंबाला जड जाते. अशा वेळी कोणती तपासणी खरोखर आवश्यक आहे, ती केव्हा करावी आणि तिच्या निष्कर्षाचा अर्थ काय, हे आधी ठाऊक असेल तर वेळ, पैसा आणि मनस्ताप तिन्ही वाचतात.

या पोकळ्या म्हणजे काय?

प्रत्येक माणसाच्या मेंदूत चार पोकळ्या असतात. त्यांत पाण्यासारखा स्वच्छ द्रव भरलेला असतो. प्रौढ माणसाच्या मेंदूत दररोज सुमारे अर्धा लिटर द्रव तयार होतो, पोकळ्यांतून वाहत मेंदूच्या व मज्जारज्जूच्या भोवती पसरतो आणि पुन्हा रक्तात शोषला जातो. हा द्रव मेंदूला धक्क्यांपासून वाचवतो. म्हणजे ‘डोक्यात पाणी’ असणे हा आजार नव्हे. ते आपल्या सर्वांच्याच डोक्यात असते. प्रश्न उद्भवतो तो या द्रवाचा मार्ग अडला तर, शोषण कमी झाले तर, किंवा भोवतालचा मेंदू नीट वाढला नाही म्हणून पोकळी मोठी दिसू लागली तर.

चारपैकी दोन पोकळ्या मेंदूच्या उजव्या व डाव्या अर्ध्या भागांत असतात. सोनोग्राफीत त्यांच्या मागील बाजूच्या ठरावीक जागी रुंदी मोजतात. पोकळी रुंद असणे आणि द्रवाचा दाब वाढून डोके मोठे होत जाणे, म्हणजे ज्याला डॉक्टर ‘हायड्रोसेफॅलस’ म्हणतात, या दोन भिन्न गोष्टी आहेत. किंचित रुंद पोकळी असलेल्या बहुसंख्य बालकांना हायड्रोसेफॅलस कधीच होत नाही.

दहा मिलिमीटरची रेषा

१९८८ साली अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील डॉक्टरांनी निरोगी गर्भांच्या मोजमापांवरून असे दाखवून दिले की, ही रुंदी सरासरी ७.६ मिलिमीटर असते आणि गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांपासून अखेरपर्यंत ती फारशी बदलत नाही. यावरून १० मिलिमीटर ही मर्यादा जगभर मान्य झाली. १० ते १२ मिलिमीटर रुंदीला सौम्य, १३ ते १५ ला मध्यम आणि १५ च्या पुढे तीव्र असे म्हणतात. काही डॉक्टर १० ते १५ या सर्वच मोजमापांना सौम्य म्हणतात. म्हणून अहवालातील शब्दापेक्षा आकडा पाहावा.

येथे एक साधी गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ९.८ आणि १०.२ यांतील फरक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी आहे. बाळाचे डोके किंचित तिरपे असले किंवा मोजणीची खूण थोडी बाहेर पडली, तरी एवढा फरक पडू शकतो. म्हणून पहिला उपाय म्हणजे घाबरणे नव्हे, तर अनुभवी तज्ज्ञाकडून पुन्हा मोजून घेणे. दहाची रेषा ही ‘अधिक बारकाईने पाहा’ असे सांगणारी पाटी आहे. ती रोगाचा शिक्का नाही.

योगायोग असा की, ज्या १९८८ साली ही रेषा आखली गेली, त्याच वर्षी महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा देशात सर्वप्रथम केला. पुढे १९९४ मध्ये केंद्र सरकारचा कायदा आला व २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. एकाच यंत्राचा एक उपयोग बालकाचे रक्षण करणारा आणि दुसरा त्याचा घात करणारा, हे आपल्या राज्याने फार लवकर ओळखले. मुलग्यांमध्ये या पोकळीची रुंदी सरासरीने किंचित अधिक असते, हे शास्त्राला ठाऊक आहे. तरीही या निमित्ताने डॉक्टरांना बाळाचे लिंग विचारू नये. ते सांगणे व विचारणे दोन्ही कायद्याने गुन्हा आहे.

कारणे कोणती असू शकतात?

बहुतेक सौम्य प्रकारांत कोणतेही कारण सापडत नाही. ते त्या बालकाच्या शरीररचनेचे निव्वळ वेगळेपण असते. तथापि काही कारणे शोधणे आवश्यक असते.

पहिले कारण, मेंदूची किंवा मणक्याची रचना अपूर्ण राहणे. मेंदूच्या दोन भागांना जोडणारा पूल तयार न होणे, द्रवाचा अरुंद मार्ग बंद असणे, किंवा पाठीचा मणका उघडा राहणे हे त्यांपैकी प्रमुख दोष होत. म्हणूनच डोक्यात पोकळी रुंद दिसली की तज्ज्ञ बाळाची पाठही काळजीपूर्वक तपासतात.

दुसरे कारण गुणसूत्रांतील दोष, विशेषतः डाऊन सिंड्रोम. अन्य कोणताही दोष नसताना केवळ पोकळी रुंद असेल, तर डाऊन सिंड्रोमची शक्यता मूळ शक्यतेच्या सुमारे चौपट होते, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसून आले आहे. चौपट हा शब्द ऐकून छातीत धस्स होते. पण हिशेब पाहावा. तिसऱ्या महिन्यातील चाचणीत ही शक्यता दोन हजारांत एक अशी आली असेल, तर ती आता सुमारे पाचशेत एक होते. म्हणजे पाचशेपैकी चारशे नव्याण्णव बालकांना तो दोष नसतोच.

तिसरे कारण जंतुसंसर्ग. सायटोमेगॅलो विषाणू आणि टोक्सोप्लाझ्मा हे त्यांतील मुख्य. झिका विषाणूही गर्भाच्या मेंदूस इजा करतो. महाराष्ट्रात त्याचा पहिला रुग्ण २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातील बेलसर येथे आढळला आणि २०२४ मध्ये पुणे शहरात काही गर्भवती मातांनाही त्याची लागण झाली. क्वचित गर्भाच्या मेंदूत रक्तस्राव झाल्यामुळेही पोकळी रुंदावते.

ग्रहण पाळले नाही, गरोदरपणी विळीने काही चिरले, अमुक पदार्थ खाल्ला किंवा सुनेने जड काम केले, यांपैकी कशामुळेही हे घडत नाही. आधीच व्याकुळ झालेल्या मातेवर दोषाचे ओझे टाकणे हे अज्ञानच नव्हे, तर अन्यायही आहे.

पुढील तपासण्या

तज्ज्ञांकडून होणारी सविस्तर सोनोग्राफी ही सर्वांत महत्त्वाची तपासणी होय. तिच्यात मेंदू, पाठ, हृदय व इतर अवयव क्रमाने पाहिले जातात. दुसरी, मातेच्या रक्ताची जंतुसंसर्गासाठी तपासणी. तिसरी, गर्भजल तपासणी : पोटातून बारीक सुई घालून थोडे गर्भजल काढतात व त्यावरून गुणसूत्रे पाहतात. या तपासणीमुळे हजारात सुमारे एक ते तीन गर्भ दगावण्याचा संभव असतो. म्हणून ती करावी की नाही, हे डॉक्टरांशी बोलून, तिच्यातून बाळाच्या भल्यासाठी काय साधणार आहे याचा विचार करून मातापित्यांनी ठरवावे. तिची सक्ती नाही.

चौथी तपासणी एमआरआय. तिच्यात क्ष-किरण वापरले जात नाहीत आणि सोनोग्राफीत न दिसलेला एखादा बारकावा तिच्यात दिसू शकतो. तज्ज्ञांकडून सोनोग्राफी झालेल्या सौम्य व मध्यम प्रकारांत, एका मोठ्या बहुराष्ट्रीय अभ्यासानुसार, शंभरात सुमारे पाच गर्भांमध्ये एमआरआयमुळे महत्त्वाची नवी माहिती मिळाली. याचा व्यावहारिक अर्थ असा की, पहिली सोनोग्राफी उत्तम झाली असेल तर एमआरआयची भर थोडी असते. ती साधारण झाली असेल तर अधिक.

त्यानंतर दर काही आठवड्यांनी पुन्हा मोजमाप करतात. अनेकदा रुंदी तेवढीच राहते, काही बालकांत ती आपोआप दहाच्या खाली येते, तर सुमारे सहापैकी एकात वाढते. वाढत असेल तर भवितव्याचा विचार पुन्हा करावा लागतो. म्हणूनच पुढची तारीख चुकवू नये.

बाळाचे भवितव्य काय?

मातापित्यांचा खरा प्रश्न हाच असतो, आणि त्याचे उत्तर सुदैवाने बरेचसे आश्वासक आहे. सर्व तपासण्या होऊन दुसरा कोणताही दोष आढळला नाही, तर त्या स्थितीस ‘एकाकी’ व्हेंट्रिक्युलोमेगॅली म्हणतात. अमेरिकेतील मातृ-गर्भवैद्यक संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार, १० ते १२ मिलिमीटर रुंदीच्या एकाकी प्रकारात ९० टक्क्यांहून अधिक बालके जगतात आणि त्यांचा विकास इतर मुलांसारखाच होतो. १३ ते १५ मिलिमीटरच्या प्रकारात हेच प्रमाण ७५ ते ९३ टक्के इतके आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात, १० ते १५ मिलिमीटरच्या एकाकी प्रकारातील सुमारे ८ टक्के बालकांत विकास मागे पडल्याचे आढळले. आता हेही लक्षात घ्यावे की, ज्यांच्या पोकळ्या मुळीच रुंद नव्हत्या अशा बालकांमध्येही काहींचा विकास मागे पडतोच. तेव्हा त्या आठांपैकी प्रत्येकाचे कारण ही पोकळीच होती असे म्हणता येत नाही.

एकाच बाजूची पोकळी रुंद असेल तर चित्र साधारणतः अधिक आशादायक असते. याउलट दुसरा दोष सोबत असेल, तर भवितव्य पोकळीच्या रुंदीवर नव्हे तर त्या दोषावर अवलंबून असते. ‘एकाकी’ हा शब्द तपासणीनंतरच वापरता येतो. म्हणून एका सोनोग्राफीवरून निश्चिंत होऊ नये आणि एका सोनोग्राफीवरून हताशही होऊ नये. शंभर टक्के खात्री कोणताही प्रामाणिक डॉक्टर देत नाही. तशी ती कोणत्याच गरोदरपणात देता येत नाही.

सौम्य प्रकारासाठी केवळ त्या कारणाने शस्त्रक्रिया करून प्रसूती करण्याची किंवा ती लवकर उरकण्याची गरज नसते. बाळाचे डोके फार मोठे झाले असेल तरच डॉक्टर वेगळा विचार करतात. प्रसूती मात्र बालरोगतज्ज्ञ उपलब्ध असलेल्या रुग्णालयात व्हावी.

जन्मानंतर

नवजात बालकाची टाळू मऊ असते. तिच्यावर यंत्र ठेवून मेंदूची सोनोग्राफी सहज होते. बाळाला कोणतीही वेदना होत नाही. त्यानंतर दर महिन्याला डोक्याचा घेर मोजावा व तो बालकाच्या आरोग्यपत्रावर नोंदवावा. अंगणवाडी ताई किंवा आशाताईंच्या मोजपट्टीने हे काम गावातच होऊ शकते. घेर झपाट्याने वाढणे, टाळू फुगून ताठ होणे, वारंवार उलट्या, सतत किरकिर किंवा सुस्ती, डोळ्यांची बुबुळे खाली वळलेली दिसणे यांपैकी काहीही आढळल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

विकासाचे टप्पेही पाहत राहावे : दोन महिन्यांपर्यंत ओळखीचे हसू, चार महिन्यांपर्यंत मान धरणे, आठ महिन्यांपर्यंत आधाराविना बसणे, दीड वर्षापर्यंत चालणे. टप्पा लांबला तर ‘होईल हळूहळू’ म्हणून थांबू नये. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत आरोग्य पथके अंगणवाड्यांतील बालकांना तपासतात व गरजेप्रमाणे जिल्हा स्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. व्यायामोपचार व वाचोपचार जितक्या लवकर सुरू होतात, तितका त्यांचा लाभ अधिक होतो.

थोड्या बालकांत द्रवाचा दाब खरोखर वाढतो. त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया आहे : कातडीखालून एक बारीक नळी डोक्यातून पोटात नेतात व जास्तीचा द्रव तेथे शोषला जातो. उत्तर प्रदेशातील शहाजहानपूर येथे बनणारी ‘छाबरा’ नळी या कामी वापरली जाते. आफ्रिकेतील युगांडा देशात बालकांवर झालेल्या व २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही स्वस्त भारतीय नळी अनेक पटींनी महाग असलेल्या परदेशी नळीच्या तोडीस तोड ठरली. हे उपचार केवळ धनवंतांसाठीच आहेत असा समज त्यामुळे करून घेऊ नये.

सोयगावच्या मातांनी काय करावे?

गर्भाची रचना पाहणारी सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांच्या दरम्यान करून घ्यावी. आपल्या भागात अनेकदा ती सातव्या महिन्यापर्यंत लांबते. मग शंका आली तरी पुढील तपासण्यांना पुरेसा अवधी उरत नाही. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय आरोग्य संस्थांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात शासकीय रुग्णालयातील तपासण्या, औषधे, प्रसूती आणि वाहनसेवा विनामूल्य आहे. १०२ व १०८ हे क्रमांक घरातील सर्वांना पाठ असावेत. पुढील तपासणीसाठी छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजेच आपणा सर्वांच्या परिचयाची ‘घाटी’, किंवा जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे जाता येते. जाताना आधीचे सर्व अहवाल सोबत न्यावेत आणि डॉक्टरांना पुढील प्रश्न निःसंकोच विचारावेत : नेमकी रुंदी किती? एका बाजूला की दोन्ही? दुसरा दोष दिसतो का? पुन्हा केव्हा मोजायचे? शक्य असल्यास पतीने सोबत जावे. एकट्या स्त्रीने ऐकलेले ओझे घरी येऊन तिनेच सर्वांना समजावून सांगणे कठीण जाते.

सर्वच प्रकार टाळता येत नाहीत. पण काही टळतात. गर्भधारणेपूर्वीच दररोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घेतल्याने मणका उघडा राहण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. आधीच्या बाळास हा दोष असेल तर अधिक मात्रा लागते. ब्रिटनमध्ये १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा मातांमध्ये दोषाची पुनरावृत्ती सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. ही मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. लहान मुलांची लाळ पुसल्यावर किंवा लंगोट बदलल्यावर हात साबणाने धुणे, मांस पूर्ण शिजवणे, भाज्या स्वच्छ धुणे, मांजराच्या विष्ठेपासून दूर राहणे आणि डासांपासून संरक्षण या साध्या सवयी संसर्ग टाळतात.

निर्णयाची वेळ

दोषाची शंका येताच ‘मोकळे व्हा’ असा सल्ला आप्तेष्टांकडून पुष्कळदा मिळतो. २०२१ च्या सुधारणेनंतर आपल्या देशातील कायदा, गर्भात लक्षणीय विकृती असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवल्यास २४ आठवड्यांनंतरही गर्भपातास मुभा देतो. या सुधारणेपूर्वी, ऑगस्ट २००८ मध्ये, हृदयदोष असलेल्या गर्भाच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने निकिता मेहता यांची याचिका फेटाळली, तेव्हा हा प्रश्न देशभर चर्चिला गेला. त्या वेळी तज्ज्ञांचे मतही निःसंदिग्ध नव्हते. त्या मातापित्यांच्या यातनांचा न्याय करण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु वैद्यकीय निदानात ‘शक्यता’ व ‘निश्चिती’ यांत किती अंतर असते, हे त्या प्रकरणाने सर्वांना दाखवून दिले. सौम्य व्हेंट्रिक्युलोमेगॅली ही तर बहुसंख्य बालकांत विकृतीच नसते.

ख्रिस्तसभा गर्भस्थ बालकाच्या तपासणीच्या विरोधात आहे, असा एक गैरसमज आहे. १९८७ मध्ये श्रद्धासिद्धांत मंडळाने प्रसृत केलेल्या ‘डोनुम विते’ या शिकवणपत्रात ही भूमिका स्पष्ट केली आहे : तपासणी बालकाच्या जीवनाचा आदर राखून, त्याचे रक्षण व उपचार यांसाठी होत असेल आणि तिचा धोका वाजवीपेक्षा अधिक नसेल, तर ती उचित होय; दोष आढळल्यास जीवन संपवावे या हेतूने ती करणे मात्र उचित नव्हे. म्हणजे तपासणीला नकार देणे ही श्रद्धा नव्हे, तसेच तपासणीच्या एका आकड्यावरून बालकाला नाकारणे हेही श्रद्धेला धरून नाही.

यात धर्मग्रामाचाही वाटा आहे. तपासणीसाठी शहरात जाणाऱ्या मातेसोबत कोणीतरी जावे, तिच्या थोरल्या मुलांना एक दिवस सांभाळावे, गाडीभाड्याची सोय करावी, आणि मुख्य म्हणजे अहवालाविषयी गावभर बोलू नये. शंभरांतील त्या थोड्या बालकांचा विकास मागे पडलाच, तर त्यांच्या घरी केवळ सांत्वनाला न जाता मदतीला जावे; त्यांना अंगणवाडीत, शाळेत आणि मंदिराच्या बाकावर इतरांइतकीच जागा मिळावी. मातापित्यांना भीती वाटते ती पुष्कळदा आजारापेक्षा एकटे पडण्याची. ती भीती घालवण्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नाही.